कांचनाला आमंत्रण

आमच्या घरात कोंबड्याच्या आधी खलबत्ता आरवायचा. चिंचवडला नदीकडच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यातली एक खोली माणसांसाठी होती आणि दुसरीत औषधं राहायची. औषधांची खोली मोठी होती. तिथे साली, मुळ्या, बिया, सुकलेली फुलं आपापल्या फडक्यांत बांधून दोरीला टांगलेली असत आणि वारा सुटला की सगळ्या घराला सुंठीचा, हिरड्याचा आणि जुन्या गुळाचा मिळून एक वास येई. माझ्या वेणीलाही तोच वास यायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्याजवळ बसलं की मला उगाचच बरं वाटतं. मी तेव्हा ते कौतुक समजले होते.

वडिलांना मी अण्णा म्हणायची आणि गाव वैद्यबुवा. अण्णांचा तेहतीस कोटी देवांवर होता तेवढा, किंवा थोडा जास्तच, विश्वास एका झाडावर होता. ते झाड म्हणजे कांचन. काळेवाडीच्या वाटेला, नदीच्या काठच्या शेताच्या बांधावर ते एकटंच उभं होतं. पानं मधे दुभंगलेली, गाईच्या खुरासारखी. माघ-फाल्गुनात ती बरीचशी गळत आणि सगळ्या अंगावर जांभळट गुलाबी फुलं येत, तेव्हा एरवी त्या झाडाकडे ढुंकूनही न बघणारी माणसंसुद्धा क्षणभर थांबत. अण्णा फुलं बघून थांबत नसत. ते साल बघत. तोंड आलं, कांचनाच्या सालीच्या काढ्याने गुळण्या करा. जखम चिघळली, त्याच काढ्याने धुवा. पोट साफ होत नाही, सुकलेली फुलं साखरेबरोबर घ्या. जुलाब होतात, मग कळ्या घ्या. एकाच झाडाने पोट चालवायचंही आणि थांबवायचंही, हे मला लहानपणी फार चमत्कारिक वाटे. पण कांचनाची खरी कीर्ती होती ती गळ्याच्या गाठींवर. सालीचा काढा, त्यात सुंठ आणि वरून मध. या तीन गोष्टींनी विरघळणार नाही अशी गाठ देवाने अजून निर्माण केलेली नाही, असं अण्णा म्हणत. देवाने ती केलेली होती हे पुढे कळलं.

कळ्यांची भाजी मात्र खरोखर चांगली व्हायची. आई त्या आधी उकडून पाणी काढून टाकायची, मग भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लसणाची फोडणी आणि शेवटी ताक. फाल्गुनात आठवड्यातून चार दिवस तीच भाजी. अण्णा प्रत्येक घासाला तिचे गुण सांगत आणि आई म्हणे, "अहो, जेवताय की घेताय?"

माझं लग्न ठरलं त्या वर्षी पिंपरीच्या माळावर नवा कारखाना सुरू झाला आणि त्याचा भोंगा आमच्या अंगणापर्यंत ऐकू यायला लागला. आईने दूध तापवायची वेळ भोंग्यावर लावून टाकली. अण्णांनी मात्र शेवटपर्यंत त्याला मान दिला नाही. भोंगा झाला की ते म्हणत, "वाजला शंख," आणि खलबत्ता जरा जोरात कुटत. याच कारखान्यात फिटर असलेल्या एका मुलाचं स्थळ मला आलं. मी सतरा वर्षांची होते. मुलगा मी पोह्यांच्या बशीवरून साधारण दीड मिनिट पाहिला. त्याचे कान मोठे होते एवढंच लक्षात राहिलं. पण त्याच्या आईने सहज सांगितलं, कंपनीने क्वार्टर दिलंय, मोरीतच नळ आहे. बस्स. रोज सहा खेपा घागर डोक्यावर घेऊन नदीचा चढ चढणाऱ्या मुलीला यापुढे काय सांगायचं? कुणी प्रेमात पडतं ते डोळे बघून, कुणी आवाज ऐकून. मी नळात पडले. आज माझ्या नाती नवरा निवडताना शंभर गोष्टी विचारतात तेव्हा मी गप्प बसते, कारण मी एकच विचारली होती, पाणी किती वेळ येतं.

साखरपुडा आमच्याच ओसरीवर झाला. मला हिरवी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, केसांत गजरा. केशरी शिरा झाला, आणि तोही अर्थात थोडा सुंठीच्या वासाचा. जेवणं झाल्यावर विहीणबाईंनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, पदर जरा सैल केला आणि गळ्याच्या उजव्या बाजूची लिंबाएवढी गाठ दाखवली. त्या तळेगावच्या. तिथल्या दोघा-तिघांचं औषध करून झालं होतं. "वैद्यबुवा, तुमच्याकडे आहे का काही?" एवढंच त्या म्हणाल्या. अण्णांचा चेहरा असा उजळला की साखरपुडा त्यांचाच झालाय असं वाटावं. "विहीणबाई, उद्या पुष्य नक्षत्र आहे. उद्याच साल काढतो. चाळीस दिवसांत गाठ शोधावी लागेल!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. अण्णा झाडाची साल अशी जाऊन ओरबाडत नसत. आदल्या संध्याकाळी झाडाला रीतसर आमंत्रण द्यायचं. बुंध्याला हळदकुंकू, मुळाशी सुपारी आणि अक्षता, खोडाभोवती सूत गुंडाळायचं आणि हात जोडून झाडाला सांगायचं की उद्या सकाळी न्यायला येतो, राग मानू नकोस. दुसऱ्या दिवशी उजाडताच जाऊन उत्तरेच्या बाजूची साल घ्यायची. आणि आमंत्रणापासून साल घरी येईपर्यंत त्या कामाबद्दल कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर औषधाचा गुण जातो. इतर वैद्य हे करत की नाही कोण जाणे. अण्णा करत. चुलीवर काढा उकळताना झाकण ठेवायला विसरतील, पण आमंत्रण चुकवणार नाहीत.

त्या संध्याकाळी पाहुणे पॅसेंजरने तळेगावला परतले आणि अण्णा मला म्हणाले, "ताट घे, चल." त्यांची कंबर धरली होती, वाकून सूत गुंडाळणं त्यांना जमेना. मी आहे तशी निघाले. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, गजरा, हातात हळदकुंकवाचं ताट. मला वाटलं, नुकतीच सुपारी फुटलेली मुलगी आहे, गावातून असं चालत गेलं तर चार माणसं बघतील तरी. चौघांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं. बघितलं एकीनेच. पण ती गंगूआत्या होती.

गंगूआत्या म्हणजे ज्या बांधावर ते झाड होतं त्या शेताची मालकीण. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती घराकडे निघाली होती. तिला दिसलं ते असं: वैद्यबुवांची नटलेली पोरगी सुताचा गुंडा घेऊन झाडाभोवती फिरतेय, झाडाला हळद लागलीय, वैद्यबुवा अक्षता टाकतायत आणि हात जोडून झाडाला म्हणतायत, "उद्या सकाळी न्यायला येतो हं."

"काय वं वैद्यबुवा, काय चाललंय?" तिने भाऱ्याखालून विचारलं.

अण्णा मुके. नियम म्हणजे नियम.

"काय गं पोरी, तू तरी बोल."

मी बोलू शकले असते. औषधाचा गुण गेला असता, इतकंच. पण मला त्या क्षणी आपण वैद्याची लेक असल्याचा असा काही अभिमान दाटून आला की मी ओठ घट्ट मिटले आणि मान खाली घातली. आयुष्यात इतक्या चुकीच्या जागी मी पुन्हा कधी गप्प बसले नाही. गंगूआत्याने आमच्या दोघांकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि "अगं आई गं," एवढंच म्हणून ती भाऱ्यासकट जवळजवळ धावत सुटली.

पत्रिकेत कडक मंगळ असला की मुलीचं लग्न आधी झाडाशी लावतात, म्हणजे दोष झाडावर जातो आणि माणूस वाचतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्यामुळे गंगूआत्याला कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही साल घेऊन परतलो तोवर पाणवठ्यावर निकाल लागला होता. गंगूआत्याची भाची तळेगावात दिली होती, ती त्याच दिवशी सासरी गेली. तिसऱ्या दिवशी तळेगावहून भटजी निरोप घेऊन आले. साल अजून सुपात ओलसर होती.

निरोप स्पष्ट होता. मुलीला मंगळ आहे, तो तुम्ही लपवलात. झाडाशी लग्न लावलंत ते योग्यच केलंत, पण अर्धवट केलंत. पहिला नवरा उभा असताना आमचा मुलगा बोहल्यावर चढणार नाही. झाड तोडा, नाहीतर सुपारी परत घ्या.

अण्णा आधी हसले. मग त्यांनी भटजींना आमंत्रणाचा सगळा विधी सांगितला, पोथी काढून दाखवली. भटजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वैद्यबुवा, कुणी झाडाला आमंत्रण देतं का? काहीतरी बोलता!" झाडाशी लग्न लावतात यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. झाडाला विचारून साल काढतात, हे मात्र त्यांना वेडेपणाचं वाटलं. आजही मी माणसांना खरं सांगताना दहादा विचार करते, तो त्या दुपारपासून.

"मुलीच्या पत्रिकेत मंगळ नाही," अण्णा ओरडले. "ही पाहा पत्रिका!"

भटजी गेल्यावर आई म्हणाली, "नसेल. पण आता आहे."

"मग काय करू? खोटं कबूल करू? आणि या खोट्यापायी पाच कोसांतलं एकुलतं झाड तोडू?"

"झाड पुन्हा लावता येईल. ही सतरा वर्षांची आहे, हिला पुन्हा कशी लावू?"

अण्णा औषधांच्या खोलीत जाऊन बसले. दोन दिवस खलबत्ता वाजला नाही. घरात इतकी शांतता होती की भोंगा दचकवायचा. एकदा सुटलेली सुपारी आणि वर मंगळाची आवई, म्हणजे मला दुसरं स्थळ येणार नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं. मी त्या दोन दिवसांत झाडाचा विचार केला, वडिलांच्या शब्दाचा विचार केला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी नळाचा विचार केला. घागर घेऊन चढ चढताना पायरीपायरीला मला मोरीतला नळ दिसे आणि रडू येई. शेवटी मी घागर तिथेच ठेवली आणि गंगूआत्याकडे गेले. म्हटलं, हिने लावलेली आग हिलाच विझवायला सांगू.

ती गोठ्यात शेण काढत होती. मी सगळं खरं सांगितलं. सासूबाईंची गाठ, पुष्य नक्षत्र, सूत, मौन. तिने ऐकून घेतलं आणि हात धुऊन माझ्या हनुवटीला लावला.

"लाजतीस कशापायी, पोरी? म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"अहो आत्या, ते आमंत्रण होतं!"

"व्हय, आमंत्रण. लगनाला आमंत्रणच देत्यात. अन् मी इचारलं तवा मान खाली का घातलीस? नवरीच मान खाली घालती, बाई."

परत येताना वाटेत झाड लागलं. सूत तसंच होतं, हळद जरा उडाली होती. खरं सांगते, मी पदर सावरून घेतला. तिने इतक्या खात्रीने सांगितलं होतं की न जाणो, असं मलाच वाटायला लागलं होतं.

पाचव्या दिवशी तळेगावकर समक्ष आले. विहीणबाई, भटजी आणि मागे, पहिल्या पाळीहून परस्पर सायकलवर आलेला, मोठ्या कानांचा मुलगा. साक्षीला गंगूआत्याला बोलावलं. मी आतून दाराच्या फटीला डोळा लावून. आईने पुन्हा शिरा केला होता, तो कुणी खाल्ला नाही.

"झाड तोडायचं ठरलं का?" विहीणबाईंनी विचारलं.

अण्णा काही बोलायच्या आत गंगूआत्या उठली. "कोन तोडतंय? माझ्या बांधावरचं झाड हाय त्ये. परवापतूर नुसतं झाड व्हतं, आता गावचा जावई हाय. आमी जावई मारत न्हाई!"

जिने लग्न लावलं, तीच आता संसार मोडू देईना. भटजी म्हणाले, शास्त्राप्रमाणे पहिला नवरा जायलाच हवा. गंगूआत्या म्हणाली, शास्त्र तुमचं असेल, बांध माझा हाय. विहीणबाई म्हणाल्या, मग आम्ही निघतो. त्या खरोखरच उठल्या. आईने खांब धरला. मी आत दोन्ही हातांनी फट धरली होती. माझा नळ उठून चालला होता.

तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा बोलला. त्याचा आवाज मी त्या दिवशी ऐकला. "आई, एक फांदी तोडली तर नाही का चालणार? आमच्याकडे अख्खं मशीन बाद करत नाहीत. एक पार्ट काढला तरी ते बंद पडतं."

भटजींनी डोळे मिटून विचार केला. विहीणबाई खाली बसल्या. गंगूआत्या त्या मुलाकडे वळून म्हणाली, "उजवा हात घ्या. पर बुडाला धक्का लागला तर माझ्याशी गाठ हाय."

आता फक्त अण्णा उरले. त्यांनी एकदा दाराच्या फटीकडे पाहिलं. त्यांना माझा डोळा दिसला असावा. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "ठीक आहे. तोडू. पण आधी आज संध्याकाळी झाडाला आमंत्रण द्यायला हवं."

"नको!" सगळे एकदम ओरडले. आई सर्वांत मोठ्याने.

फांदी त्याच दुपारी तोडली. आमंत्रणाशिवाय. अण्णांच्या आयुष्यातली ती तशी पहिली आणि शेवटची. त्यांनी कोयता दुसऱ्याला दिला आणि स्वतः नदीकडे तोंड करून उभे राहिले. फांदीवर कळ्या होत्या. भटजींनी काहीतरी पुटपुटून ती "सुटली" असं जाहीर केलं. अण्णा विहीणबाईंना म्हणाले, "तुमच्या औषधाची साल घरी सुपात वाळतेय, ती पाठवतो." त्या मागे सरकल्या. "छे, छे, ती नवरा असतानाची! ती कशी पिऊ मी? आता या सुटलेल्या फांदीची द्या. हिचा आता मुलीशी संबंध नाही."

म्हणून अण्णांनी फांदी सोलली. मी लग्न होऊन क्वार्टरमध्ये आले, सासूबाईही माझ्याबरोबर आल्या आणि त्यांच्याबरोबर सालीचं गाठोडं आलं. रोज सकाळी मीच तो काढा करत असे. पातेलंभर पाणी आटवून वाटीभर करायचं, सुंठ, मध. वास आमच्या घरासारखा येई, तेवढंच मला माहेर. चाळीस दिवस माझ्या सासूबाईंनी माझा पहिला नवरा मधाबरोबर घेतला. गाठ तसूभर हलली नाही. अण्णा म्हणाले, वाढली नाही हा काय कमी गुण आहे? पुढे पुण्याला दवाखान्यात ऑपरेशन करून ती काढली. सासूबाई मात्र शेवटपर्यंत सांगत की मुळात कांचनाने ती मऊ झाली होती म्हणून डॉक्टरांना कापता आली. त्या अण्णांसमोर हे मुद्दाम सांगत, आणि अण्णांनी ते कधी नाकारलं नाही.

झाडाला उजवीकडून नवी फूट आली नाही, पण ते फुलायचं तसंच. ह्यांना, म्हणजे त्या मोठ्या कानांच्या मुलाला, आयुष्यभर एक हत्यार मिळालं. भाजीत मीठ जास्त झालं की "पहिल्याकडे असंच चालायचं का?" आणि मी माहेरी निघाले की "त्यालाही भेटून ये, वाईट वाटायचं." मी चिडत असे. पण दर फाल्गुनात वाटेवर एक क्षण थांबतही असे, आणि पदर सावरत असे. सवय.

काही वर्षांनी कारखान्याकडे जाणारा रस्ता मोठा करायला घेतला. एका दुपारी हे पहिली पाळी करून आले, चपला दाराबाहेरच काढल्या आणि आत न येता म्हणाले, "डोक्यावरून पाणी घे."

"का? कोण गेलं?"

"तुझा पहिला. सकाळी कापला. रस्त्यात येत होता. गंगूआत्या बांधावर बसून होती, काही बोलली नाही."

मी हसले. हे नेहमीसारखे हसले नाहीत. मग मी मोरीत गेले आणि नळ सोडला. त्याच नळाखाली मी बसले, ज्याच्यासाठी मी एका झाडाचा हात तोडू दिला होता आणि अण्णांना नदीकडे तोंड करून उभं केलं होतं. पाणी चांगलं जोरात येत होतं. पाच मिनिटांचं काम, पण मी बराच वेळ उठले नाही.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, कुंकू पुसू नकोस हो. दुसरा आहे अजून."